वाईट बातमी सांगणं ‘अनुभवाने आपोआप येतं’ का?

‘रुग्णाला वाईट बातमी कशी सांगायची हे डॉक्टर अनुभवाने शिकतो. पायऱ्या पाठ केल्या की माणसाचं यंत्र होतं, आणि संवेदनशीलता तर शिकवताच येत नाही’ असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. यातलं पहिलं विधान चूक, दुसरं गैरसमजाचं आणि तिसरं मुद्दा सोडून आहे.

अनुभवाने येते ती सवय, मग ती चुकीची का असेना. टाका चुकला तर जखम सांगते. इथे रुग्ण मान डोलावून निघून जातो आणि डॉक्टरला चूक कळतच नाही. ब्रिटनमधल्या १६० कर्करोगतज्ज्ञांवरची चाचणी २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. निष्कर्ष स्पष्ट होता: ज्येष्ठ डॉक्टरांच्या संवादातल्या अडचणी नुसत्या अनुभवाने सुटत नाहीत, तीन दिवसांच्या प्रशिक्षणाने मात्र फरक पडतो.

आता पायऱ्या. वाईट बातमी सांगण्यासाठी २००० साली मांडलेल्या ‘स्पाइक्स’ पद्धतीत त्या सहा आहेत. आधी एकांताची जागा, फोन बंद, डॉक्टर बसलेला. मग दोन पायऱ्या नुसत्या विचारण्याच्या: ‘आजाराबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय कळलंय?’ आणि ‘सगळं तपशिलात सांगू का?’ ज्या पद्धतीत सांगण्याआधी दोनदा ऐकावं लागतं, ती पोपटपंची कशी? चौथी पायरी बातमीची. ‘रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आलेला नाही’ अशी चाहूल द्यायची, क्षणभर थांबायचं, मग साध्या शब्दांत एकच वाक्य: ‘ही गाठ कर्करोगाची आहे.’ आणि गप्प बसायचं.

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. रुग्ण रडू लागला की शांतता सोसवत नाही, म्हणून डॉक्टर केमोथेरपीच्या तारखा सांगू लागतो. त्या अवस्थेत रुग्णाच्या कानात त्यातलं फारसं शिरत नाही. पाचवी पायरी भावनेची आहे ती यासाठीच: ‘हे ऐकून धक्का बसलाय तुम्हाला’ एवढं म्हणायचं आणि वाट पाहायची. रुग्ण सावरला की सहावी, पुढच्या उपचारांची.

राहिली संवेदनशीलता. प्रशिक्षणात शिकवतात ते वागणं. प्रशिक्षित नट रुग्ण होतो, शिकणारा जिथे अडखळतो तिथे प्रसंग थांबवतात, आधी त्यालाच विचारतात ‘इथे काय झालं?’, आणि तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत पुन्हा म्हणायला लावतात. नट लगेच सांगतो की या वेळी ऐकताना काय वाटलं. खरा रुग्ण हे सहसा सांगत नाही.