दुकान एक, सेल्स टॅक्स पंचेचाळीस राज्यांचा

मंडळी, आज जरा वेगळा विषय आहे आणि लांबलंय पण, वेळ असेल तरच वाचा. इथे ओहायोत मी छोट्या धंद्यांचं बुककीपिंग करते. त्यात एक सलून आहे, मोटेलवाले आहेत, एक देशी ग्रोसरी आहे आणि एक गन शॉप आहे. हो, बंदुकांचं दुकान. आपल्या मंडळाच्या गणपतीत हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो "तुला भीती नाही वाटत?" आणि दुसरा येतो "बक्कळ कमावत असेल ना तो?" भीती नाही वाटत, आणि बक्कळ काही कमावत नाही. नवरा-बायको आणि एक पार्टटाइम पोरगा, एवढंच दुकान.

मला काय म्हणायचंय ते आधीच सांगते. दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला माल विकला तर तिथला सेल्स टॅक्स लागायलाच पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तो गोळा करायचं काम ज्या पद्धतीने छोट्या दुकानदाराच्या गळ्यात मारलंय ते अजिबात मान्य नाही, आणि बंदुकीच्या धंद्यात हे जेवढं उघडं पडतं तेवढं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

भारतातल्या लोकांसाठी एक गोष्ट आधी, कारण बहुतेकांना वाटतं की अमेरिकेत बंदूक ऑनलाइन मागवली की खोक्यातून दारात येऊन पडते. तसं नाहीये. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे दुसऱ्या राज्यातल्या डीलरने तुमच्या घरी बंदूक पाठवायचीच नाही, ती तुमच्या भागातल्या लायसन्सवाल्या डीलरकडे जाते (त्या लायसन्सला इथे सगळे एफएफएल म्हणतात), तिथे जाऊन तुम्ही ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, तो डीलर एफबीआयच्या निक्स सिस्टिमवर तुमचा बॅकग्राउंड चेक करणार आणि मग बंदूक तुमच्या हातात देणार, त्याची वीस-तीस-पन्नास डॉलर ट्रान्सफर फी घेऊन. म्हणजे पैसे एकाला, माल दुसऱ्याकडून. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी गंमत यातच आहे.

आता थोडा इतिहास. १९९२ मध्ये क्विल नावाच्या कंपनीच्या केसमध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की ज्या राज्यात तुमचं दुकान, गोडाऊन, माणूस असं काहीच नाही तिथला टॅक्स गोळा करायची सक्ती तुमच्यावर करता येणार नाही. तेव्हा इंटरनेटवर कोण काय विकत होतं! पण पुढची पंचवीस वर्षं ऑनलाइनवाले याच आधारावर टॅक्स न लावता विकत राहिले. कायद्याने अशा वेळी गिऱ्हाइकाने स्वतःहून आपल्या राज्याला तेवढा टॅक्स (त्याला यूज टॅक्स म्हणतात) भरायचा असतो, पण सांगा बरं, भरतं कोण?

आणि याचा मार कुणाला बसत होता? याच छोट्या गन शॉपवाल्यांना. माझा क्लायंट अजून चिडून सांगतो की माणूस दुकानात यायचा, अर्धा तास काउंटरवर चार पिस्तुलं हाताळून बघायचा, ग्रिप कशी आहे, ट्रिगर कसा आहे सगळं विचारून घ्यायचा, "बघतो विचार करून" म्हणून निघून जायचा, आणि आठवड्याने तेच पिस्तूल दुसऱ्या राज्यातल्या साइटवरून टॅक्स वाचवून मागवून ट्रान्सफरसाठी यांच्याच दुकानात पाठवायचा!! वर ट्रान्सफर फी जास्त वाटते म्हणून घासाघीस. त्यामुळे २१ जून २०१८ ला साउथ डकोटा राज्य विरुद्ध वेफेअर (फर्निचर विकणारी ऑनलाइन कंपनी) असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, ५ विरुद्ध ४ मतांनी, आणि क्विल मोडीत निघाला, तेव्हा हे लोक खूश झाले होते. निकाल बरोबरच होता असं माझंही मत आहे.

पण त्या निकालाचा एक आधार होता की साउथ डकोटाने लहान विक्रेत्याला बाहेर ठेवलंय, वर्षाला राज्यात १ लाख डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार झाले तरच टॅक्सचं लफडं. ऐकायला छान. आता हिशेब करा. पिस्तूल ५०० डॉलरचं धरलं तर २०० पिस्तुलं म्हणजेच लाख डॉलर, दोन्ही अटी एकाच जागी येतात, ठीक आहे. पण माझा क्लायंट काडतुसंही विकतो, क्लीनिंग किट विकतो, होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) विकतो. वीस-वीस डॉलरच्या २०० ऑर्डरी म्हणजे ४ हजार डॉलर. चार हजाराच्या विक्रीवर एखाद्या राज्यात नोंदणी, पासवर्ड, महिन्याचं नाहीतर तिमाहीचं रिटर्न, आणि विक्री शून्य असली तरी शून्याचं रिटर्न भरायचंच, नाही भरलं तर नोटीस. खुद्द साउथ डकोटाने २०२३ मध्ये ही २०० ची अट काढून टाकली, मागोमाग इतरही काही राज्यांनी काढली, कॅलिफोर्निया आणि टेक्सास तर आधीपासून ५ लाख डॉलरवर आहेत. पण सगळ्यांनी काढली नाही, आणि कुणी काढली कुणी ठेवली याच्यावर लक्ष ठेवायचं काम कुणाचं? दुकानदाराचं. म्हणजे माझं.

गनब्रोकरसारख्या मार्केटप्लेसवर (जिथे अनेक विक्रेते आपला माल विकतात अशी साइट) विकलं तर बरं असतं, कारण आता जवळपास सगळीकडे कायदा असाय की मार्केटप्लेसनेच टॅक्स गोळा करून भरायचा. प्रश्न येतो तो स्वतःच्या वेबसाइटवरच्या विक्रीचा. आणि त्यातही काही राज्यं म्हणतात मार्केटप्लेसवरची विक्रीही तुमच्या मर्यादेत मोजा, काही म्हणतात नका मोजू.

आता पत्त्याचा घोळ. सेल्स टॅक्स साधारणपणे माल जिथे गिऱ्हाइकाच्या ताब्यात जातो तिथल्या दराने लागतो. चपला विकल्या तर गिऱ्हाइकाचं घर. बंदूक विकली तर? ती घरी जातच नाही, ती ताब्यात येते डीलरच्या काउंटरवर, मग दर त्या दुकानाच्या पत्त्याचा. घर एका काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), डीलर दुसऱ्या काउंटीत, दोघांचे दर वेगळे, आणि रायफल असेल तर कधीकधी शेजारच्या राज्यातल्या डीलरकडूनही घेता येते (पिस्तूल मात्र आपल्याच राज्यात). वेबसाइटचं साधं सॉफ्टवेअर काय करतं, कार्डाचा बिलिंग पत्ता उचलतं आणि त्यावर दर लावून मोकळं होतं. त्याच ऑर्डरमध्ये काडतुसं असतील तर ती बहुतेक राज्यांत थेट घरी जातात, म्हणजे एका बिलात दोन पत्ते आणि दोन दर. शिपिंगच्या पैशावर टॅक्स लावायचा का हेही प्रत्येक राज्याचं वेगळं, टेक्सासमध्ये लागतो, कॅलिफोर्नियात वेगळं दाखवलं की सहसा नाही.

अजून एक नेहमीचा गोंधळ म्हणजे घेणारा डीलर त्याच्या लायसन्सची कॉपी पाठवतो, पार्सल त्याच्या दुकानाच्या नावाने जातं, मग नवीन विक्रेत्याला वाटतं की मी तर डीलरला विकलं, ही रीसेल झाली, म्हणजे त्याने पुढे विकायला घेतलं, मग टॅक्स नाही. नाही हो! डीलरने विकत घेतलेलीच नाहीये ती, तो फक्त ट्रान्सफर करतोय. पैसे गिऱ्हाइकाने दिलेत, विक्री गिऱ्हाइकालाच. लायसन्सची कॉपी म्हणजे रीसेल सर्टिफिकेट नव्हे.

आणि बॅकग्राउंड चेकमध्ये माणूस नापास झाला तर? बंदूक परत, पैसे परत, टॅक्सही परत. तोवर महिना उलटलेला असतो आणि तो टॅक्स मागच्या रिटर्नमध्ये भरून झालेला असतो, मग पुढच्या रिटर्नमध्ये वळता करून घ्या. टीव्ही विकणाऱ्यालाही माल परत येतो मान्य, पण त्याचं गिऱ्हाईक सरकारी चेकमध्ये नापास होत नाही.

या सगळ्या हमालीचे मिळतात किती ते बघा. आमच्या ओहायोत वेळेत रिटर्न भरलं तर भरलेल्या टॅक्सवर पाऊण टक्का सूट असते. समजा ६०० डॉलरचं पिस्तूल क्लीव्हलँडच्या कायाहोगा काउंटीत विकलं, ८ टक्क्यांनी टॅक्स ४८ डॉलर, सूट किती, छत्तीस सेंट. गिऱ्हाइकाने कार्ड वापरलं आणि कार्डवाल्याने ३ टक्के धरले तर ते टॅक्सच्या रकमेवर पण कापतात, म्हणजे ४८ वर एक डॉलर चव्वेचाळीस सेंट गेले. राज्याचा पैसा राज्याला पोचवायला दुकानदार पदरचा डॉलरभर घालतो. कॅलिफोर्नियात तर छत्तीस सेंटही नाहीत. वर हा पैसा ट्रस्टचा, म्हणजे दुकानदाराकडे नुसता सांभाळायला दिलेला सरकारचा पैसा धरतात, धंदा बुडाला तरी बहुतेक राज्यांत मालकाच्या वैयक्तिक अंगावर येतो, एलएलसी (मालकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारी कंपनी) काढलेली असो नाहीतर नसो.

कुणीतरी लिहिणारच, "सॉफ्टवेअर घ्या ना ताई." घेतलं की. पण पेपाल आणि स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट कंपन्यांच्या नियमांतच बंदूक विक्रीला मनाई आहे, कंपनी त्यांची, त्यांचा हक्क, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र पेमेंटबरोबर टॅक्सचं गणित फुकट किंवा स्वस्तात करून देणारी जी सोय साबण विकणाऱ्या बाईला मिळते ती गन शॉपला मिळत नाही. पेमेंटवाला वेगळा शोधा, टॅक्सवाला वेगळा, आणि दोघांचं एकमेकांशी जुळवत बसा. शिवाय सॉफ्टवेअरला हेही माहीत हवं की शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियाने २०२१ पासून छोट्या शस्त्रांवरचा आणि काडतुसांवरचा सेल्स टॅक्सच काढून टाकलाय, आणि मिसिसिपीत ऑगस्टच्या शेवटी एका वीकेंडला बंदुकांना टॅक्स माफ असतो.

आपल्याकडे जीएसटीला लोक शिव्या देतात (माझा चुलतभाऊ इचलकरंजीत कापडाचा व्यापार करतो, त्याच्याकडून सगळ्या ऐकलेल्या आहेत), आणि दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर काही सवलती सोडल्यास पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते हे लहान माणसासाठी जाचक आहेच. पण एकदा नोंदणी झाली की पोर्टल एक, एचएसएन कोडला (मालाच्या प्रकाराचा नंबर) दर देशभर एक, आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी) भरला की कुठल्या राज्याला किती ते सरकार बघून घेतं. इथे ४५ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी, आणि त्यांच्या पोटात काउंट्या, शहरं, ट्रान्झिट डिस्ट्रिक्ट (बस-रेल्वेसाठीचे टॅक्सचे भाग) धरून टॅक्स लावणाऱ्या जागा दहा हजारांच्या वर. स्ट्रीमलाइन्ड म्हणून राज्यांचा आपसातला एक सेल्स टॅक्स करार आहे, त्यात २४ राज्यं आहेत, एका फॉर्मवर सगळीकडे नोंदणी होते, सॉफ्टवेअरचा खर्चही पात्र विक्रेत्यांसाठी राज्यं उचलतात. चांगली सोय आहे, आमचं ओहायो आहे त्यात. पण कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यूयॉर्क, फ्लोरिडा, म्हणजे जिथे गिऱ्हाईक आहे ती मोठी राज्यं नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकन संसदेच्याच जीएओ या ऑडिट खात्याने रिपोर्टमध्ये म्हटलं की काँग्रेसने यावर कायदा करायचा विचार करावा. विचार चालूच असेल!

काही जण म्हणतात, बंदूक शेवटी गावातल्या डीलरच्या हातूनच जाते ना, मग त्यालाच घेऊ दे टॅक्स, विकणाऱ्याला कशाला त्रास. कॅलिफोर्नियात काहीसं असंच आहे, बाहेरचा विक्रेता तिथे नोंदलेला नसेल तर बंदूक हातात देणारा स्थानिक डीलरच विक्रेता धरला जातो. ऐकायला सोपं वाटतं पण मला हे पटत नाही. त्या बिचाऱ्याला विक्रीतला एक पैसा मिळालेला नसतो, त्याने फक्त ट्रान्सफर फी घेतलेली असते, आणि ज्या बिलाशी त्याचा संबंध नाही त्यावरचा टॅक्स त्याने गिऱ्हाइकाकडून काउंटरवर मागायचा आणि "मी ऑनलाइन सगळे पैसे भरलेत, हे काय नवीन" हे ऐकून घ्यायचं. पैसा ज्याच्या हातात आला टॅक्स त्यानेच गोळा करावा, फक्त तो भरायची खिडकी एक असावी आणि मर्यादा डॉलरमध्ये असावी, ऑर्डरी मोजून नको.

आता दुसरी बाजू. आमच्या मराठी ग्रुपात एकीने स्पष्ट म्हटलं, "बंदुका विकतात ना, होऊ दे त्रास, चांगलंच आहे." तिची भावना कळते मला. शाळेत मुलांचे लॉकडाउन ड्रिल असतात इथे, मीही आई आहे, आणि कायदे कडक हवेत असंच माझं मत आहे. पण मग ते कायदे करा ना! बंदुकीवर खास कर लावायचा तर उघडपणे लावता येतो, कित्येक दशकांपासून फेडरल सरकार लावतंय, पिस्तुलावर १० टक्के, रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के, तो कारखानदार भरतो आणि वन्यजीव संवर्धनाला जातो. कॅलिफोर्नियाने जुलै २०२४ पासून स्वतःचा ११ टक्के लावला, कोलोरॅडोत लोकांनी मतदान करून ६.५ टक्के आणला, एप्रिल २०२५ पासून. आवडो न आवडो, चर्चा करून झालेले निर्णय आहेत ते, आणि दोन्हीकडे अगदी छोट्या विक्रीला सूट ठेवलीय. किचकट फॉर्म भरायला लावून दुकानदार दमवल्याने एकही बंदूक कमी होत नाही, ती फक्त दुसऱ्याकडून विकली जाते.

आणि होतंय तेच. आम्ही एक शीट ठेवलीय, प्रत्येक राज्याच्या ऑर्डरी आणि रक्कम. एखादं राज्य मर्यादेच्या जवळ आलं की माझा क्लायंट वेबसाइटवर त्या राज्याची शिपिंग बंद करतो, जानेवारीत परत चालू. क्लीनिंग किट मागवणारं गिऱ्हाईक काय करतं मग? मोठ्या साइटवर जातं. त्यांच्याकडे टॅक्स बघायला अख्खं डिपार्टमेंट आहे.