१८७७चे सामुराई खरंच फक्त तलवारीने लढले?

एक पोस्ट पुन्हापुन्हा फिरतेय. थोडक्यात मजकूर असा: १८७७ साली साइगो ताकामोरीच्या नेतृत्वाखाली शेवटच्या सामुराईंनी बंदुकीला हात न लावता, केवळ तलवारीने जपानच्या सम्राटाशी लढा दिला, पाश्चात्त्यांच्या नादी लागलेल्या सम्राटाने त्यांना तोफांनी उडवलं आणि साइगोचं नाव इतिहासातून पुसलं. वाचायला भारी वाटतं, पण हे खरं नाही. आणि खरी हकीकत याहून कितीतरी जास्त चटका लावणारी आहे.

आधी तलवारीचं बघू. फेब्रुवारी १८७७ मध्ये, बर्फ पडत असताना सात्सुमाचं (म्हणजे दक्षिण जपानमधल्या साइगोच्या मुलुखाचं) सैन्य तिथल्या कागोशिमा शहरातून निघालं तेव्हा त्यांच्याकडे बंदुका होत्या, तोफाही होत्या. ठिणगीच मुळी दारूगोळ्यावरून पडली. कागोशिमाच्या कोठारातला दारूगोळा सरकार बोटीवर चढवून हलवतंय हे कळताच साइगोने तिथे काढलेल्या शाळांतल्या पोरांनी कोठारं लुटली. या शाळांमध्ये तोफखान्याचंही शिक्षण मिळत होतं.

त्यांची अडचण वेगळीच होती. मार्चमध्ये ४ ते २० तारखेपर्यंत ताबारुझाकाच्या चढावर लढाई चालली आणि त्यात पावसाने पाठ सोडली नाही. सात्सुमाच्या बऱ्याच जणांच्या हातात ठासणीच्या एन्फिल्ड बंदुका होत्या. त्यांचं काडतूस कागदी. भिजलं की वाया. सरकारी शिपायाकडे मागून भरायची स्नायडर, तिचं काडतूस धातूचं. तो भर पावसात बार काढत राहिला. गोळीबार इतका दाट होता की हवेतच एकमेकींवर आदळून चिकटलेल्या गोळ्या तिथल्या मातीत सापडल्या; आज त्या तिथल्या संग्रहालयात बघायला मिळतात. आणि तलवारी सरकारनेही उपसल्या! सात्सुमाच्या हातघाईच्या हल्ल्यांना तोंड द्यायला पोलिसांमधून निवडक तलवारबाजांची तुकडी उभी केली गेली, आणि त्यातही माजी सामुराईच होते.

‘सम्राटाविरुद्ध’ हा दुसरा दावा. १८६८ साली शोगुनची, म्हणजे सम्राटाच्या नावाखाली खरा कारभार चालवणाऱ्या लष्करी शासकाची, सत्ता मोडून सम्राटाच्या नावाने नवं सरकार आणणाऱ्यांत साइगो आघाडीवर होता. १८७३ मध्ये कोरियाच्या प्रश्नावरून तो सरकारातून बाहेर पडला, तरी लष्करातलं जनरलपद त्याच्याकडेच राहिलं. १८७७ मध्ये निघताना त्याचं म्हणणं होतं की सरकारला जाब विचारायचाय. सरकारने त्याला बंडखोर ठरवलं, पद काढून घेतलं. पण सिंहासन उलथवायचं हा त्याचा हेतू कधीच नव्हता. त्याच्यामागे निघालेल्यांची गाऱ्हाणी मात्र खरी होती: १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली आणि पिढीजात तनखेही बंद झाले. माणसं पोटासाठीही लढत होती.

परंपरा एकीकडे आणि परदेशी थाट दुसरीकडे, ही मांडणी तर मला सगळ्यात खटकते. साइगोचा धाकटा भाऊ त्सुगुमिची सरकारातच राहिला. चुलतभाऊ ओयामा इवाओ सरकारी फौजेतून त्याच्याविरुद्ध लढला. सरकारचा कर्ताधर्ता ओकुबो तोशिमिची हा कागोशिमाचाच, साइगोचा लहानपणापासूनचा मित्र. सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा १८७३ मध्ये आला तेव्हा साइगो स्वतः सरकारात होता. त्याच कायद्याने भरती झालेल्या साध्यासुध्या घरच्या पोरांनी तानी तातेकीच्या हाताखाली कुमामोतोचा किल्ला पन्नासेक दिवस लढवला आणि साइगोची वाट अडवली. चिलखत घातलेल्या सामुराईंच्या रंगवलेल्या चित्रात या पोरांना जागाच नाही, आणि हा त्यांच्यावर सरळसरळ अन्याय आहे.

‘द लास्ट सामुराई’ या गाजलेल्या हॉलिवूडपटातला अमेरिकन अधिकारीही या युद्धात नव्हता. त्या पात्रामागे ज्याची सावली दिसते तो फ्रेंच अधिकारी ज्यूल ब्रुने १८६९ मध्येच, शोगुनच्या उरलेल्या फौजेबरोबर लढून जपान सोडून गेला होता.

राहिलं नाव पुसण्याचं. २४ सप्टेंबर १८७७ रोजी कागोशिमातल्या शिरोयामावर गोळी लागून साइगो पडला आणि सामुराई रिवाजाप्रमाणे त्याच्याच माणसाने त्याचं शिर उतरवलं. १८८९ मध्ये राज्यघटना जाहीर झाली तेव्हा त्याला मरणोत्तर माफी मिळाली, दरबारी दर्जाही मिळाला. १८९८ मध्ये तोक्योच्या उएनो बागेत, म्हणजे थेट राजधानीत, त्याचा पुतळा उभा राहिला: अंगात साधा किमोनो, शेजारी कुत्रा. तो आजही तिथेच आहे.