गुणवत्तेचा निकाल, पण कारण गुलदस्त्यात

एकेक लेख तपासून, स्वतः वापरलेल्या वस्तूंची स्वतः काढलेली छायाचित्रे घालून वर्षानुवर्षांच्या कष्टाने उभ्या केलेल्या वेबसाइटला गूगल सर्चमधून मिळणारे क्लिक एखाद्या सकाळी निम्म्यावर येतात आणि त्याचे कारण विचारायला एकही दार उघडे नसते, याचा मला मनस्वी संताप येतो. निकृष्ट मजकूर मागे पडावा, याला माझा मुळीच विरोध नाही. गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ अपडेट (शोधनिकालांची क्रमवारी ठरवण्याच्या पद्धतीतील बदल) आणले, तेव्हा अमेरिकेतील जवळपास १२ टक्के शोधांच्या क्रमवारीत फरक पडला आणि घाऊक भावात लेख पाडणाऱ्यांना चाप बसला. पुढच्याच वर्षी ‘पेंग्विन’ अपडेटने क्रमवारीत वर येण्यासाठी उभ्या केलेल्या बनावट लिंकांच्या धंद्याला हात घातला. ते आवश्यकच होते. माझा राग आहे तो निकाल देण्याच्या पद्धतीवर.

एखाद्या वेबसाइटने जाणूनबुजून स्पॅम केला, म्हणजे क्रमवारीत वर येण्यासाठी लबाडी केली, आणि गूगलच्या माणसांनी तिच्यावर कारवाई केली, तर सर्च कन्सोलमध्ये (वेबसाइटच्या मालकांसाठीच्या गूगलच्या साधनात) तशी सूचना येते, कोणता नियम मोडला हे कळते आणि चूक सुधारून पुनर्विचाराचा अर्जही करता येतो. याउलट कोणताही नियम न मोडलेली वेबसाइट कोअर अपडेटमध्ये, म्हणजे क्रमवारीच्या पद्धतीतील मोठ्या, व्यापक बदलात, घसरली, तर तिला सूचना नाही, कारण नाही आणि दादही मागता येत नाही. लबाडाला सुनावणी आणि प्रामाणिक माणसाला मौन, हा कुठला न्याय? वर ‘क्रमवारी घसरली म्हणजे तुमच्या पानांत काही दोष असेलच असे नाही’ असेही सांगितले जाते आणि हाती आत्मपरीक्षणासाठी प्रश्नांची एक लांबलचक यादी ठेवली जाते. दोष नसेल तर दुरुस्त काय करायचे, आणि असेल तर तो शेकडो पानांपैकी नेमक्या कोणत्या पानात शोधायचा?

ऑगस्ट २०२२ मधील ‘हेल्पफुल कंटेंट’ अपडेटने तर संपूर्ण वेबसाइटलाच एका मापाने मोजले. निरुपयोगी मजकुराचे प्रमाण जास्त ठरले, तर त्याच वेबसाइटवरची चांगली पानेही मागे पडू शकतात, हे गूगलनेच सांगितले होते. म्हणजे सुक्याबरोबर ओलेही जळणार, हे आधीच ठरलेले होते. मग घाबरलेली माणसे स्वतःचे जुने, उपयोगी लेखसुद्धा केवळ अंदाजाने पुसून टाकतात, आणि ते पुसल्याने फायदा झाला की नुकसान, हेही त्यांना धड कळत नाही.

मार्च २०२४ मध्ये ही ‘हेल्पफुल कंटेंट’ यंत्रणा कोअर अपडेटमध्येच मिसळण्यात आली. ते अपडेट पूर्ण व्हायला ४५ दिवस लागले, आणि क्रमवारी रोज वर-खाली होत असताना लोक श्वास रोखून बसून राहिले. सुधारणा केल्यावरही फळ लगेच मिळत नाही. ते दिसायला कित्येक महिने जाऊ शकतात. पेंग्विनच्या बाबतीत तर ऑक्टोबर २०१४ नंतरचे अपडेट थेट सप्टेंबर २०१६ मध्ये आले. खराब लिंका मधल्या काळात काढून टाकणाऱ्यांनी जवळजवळ दोन वर्षे कशाच्या भरवशावर काढायची होती?

गूगलकडे शोधनिकालांची गुणवत्ता तपासणारी हजारो माणसे आहेत, असे उत्तर मिळते. ती आहेत, आणि अनुभव, तज्ज्ञता, अधिकार व विश्वासार्हता या कसोट्यांवर ती शोधनिकाल तपासतात. परंतु त्यांच्या गुणांनी कोणत्याही एका वेबसाइटचा क्रमांक थेट बदलत नाही, हेही गूगलच स्पष्ट करते. म्हणजे माझे पान एखाद्या परीक्षकाने वाचून उत्तम ठरवले, तरी त्या मताचा मला थेट काहीच उपयोग नाही.

रँकिंगचे संपूर्ण सूत्र उघड केले तर स्पॅम करणारे त्याचा गैरफायदा घेतील, हे मला मान्य आहे, आणि ते सूत्र मी मागतही नाही. कोणती पाने निरुपयोगी ठरली एवढे सर्च कन्सोलमध्ये दाखवा, आणि स्पॅम करणाऱ्याला देता तसा पुनर्विचाराचा एक अर्ज आम्हालाही करू द्या.