निकाल उलटला म्हणजे शर्यत रंगली असं नसतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फॉर्म्युला वनवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली 'परभणीकर' या नावाने आलेली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. लेखात माझं म्हणणं एवढंच होतं की निकाल अनपेक्षित लागला म्हणून रंगत वाढतेच असं नाही. तो का फिरला हे बघणाऱ्याला दिसलं, तर वाढते. त्यावर तुम्ही लिहिलंत, "निकाल आधीच माहीत असेल तर शर्यत मेलेलीच. जितका धक्का मोठा तितकी मजा जास्त." पुढे २०२३ चा मोसम झोप आणणारा होता, ग्रिड (सुरुवातीला गाड्या उभ्या करायचा क्रम) उलटी लावली की सगळे प्रश्न सुटतील आणि अबू धाबी २०२१ सारखा, शेवटच्या लॅपला विश्वविजेता ठरवणारा शेवट पुन्हा होणे नाही, हेही आहे. शेवटी, "मराठवाड्यात बसून टीव्हीवर शर्यती बघणाऱ्यांनी ज्ञान पाजळू नये."

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो. मुद्दा पटला नाही तर खोडून काढा, त्याला माझी ना नाही. पण माणूस कुठं बसून बघतो यावरून त्याला काय कळतं हे ठरवायची ही कुठली रीत? उमेदीची सगळी वर्षं वाळूजच्या पट्ट्यात इंजिनांच्या कामात गेली. भारनियमनाच्या दिवसांत इन्व्हर्टरवर टीव्ही लावून शर्यती पाहिल्या आहेत. हे मिरवायला सांगत नाही, तुम्ही लायकी काढलीत म्हणून सांगावं लागतंय. आणि ट्रॅकवर जाणाऱ्याला जास्त दिसतं, हा समजही तपासून बघा. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं ग्रां प्री झाली. तिथला लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, ५.१२५ किलोमीटरचा. स्टँडमध्ये बसलेल्याला त्यातली दोन-तीन वळणं दिसतात, गाडी डोळ्यांसमोरून निघून जाते आणि परत यायला जवळपास दीड मिनिट लागतं. मधल्या वेळात तोही मोठ्या पडद्याकडेच बघतो. दोन गाड्यांमधलं अंतर, कुणाच्या गाडीला कोणता टायर आहे, तो किती लॅप जुना आहे, हे घरी बसलेल्याला त्याच्यापेक्षा नीट कळतं. तेव्हा परभणी काय आणि मोनाको काय, टायमिंगचा तक्ता वाचता आला पाहिजे.

एक गोष्ट मान्य करतो. २०२३ मध्ये २२ पैकी २१ शर्यती रेड बुल संघाने जिंकल्या, त्यातल्या १९ एकट्या व्हर्स्टॅपेनने, आणि मायामीपासून मोन्झापर्यंत सलग १०. त्यातले काही रविवार मलाही जड गेले. झालं, हे तुमचं.

आता तुमच्या धक्क्याच्या वाक्याकडे येतो. ते लिहिताना तुम्ही फार विचार केला असेल असं वाटत नाही.

जितका धक्का मोठा तितकी मजा जास्त, हे खरं मानलं तर २००८ ची सिंगापूरची शर्यत तुमच्या यादीत अगदी वर हवी. अलोन्सोची रेनॉ ग्रिडवर १५ वी. तो १२ व्या लॅपला, म्हणजे नको इतक्या लवकर, पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या संघांच्या थांब्यावर) येऊन पेट्रोल-टायर घेऊन गेला. पाठोपाठ त्याच्याच संघाचा पिके ज्युनियर भिंतीवर आदळला आणि सेफ्टी कार (धोका असताना सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवणारी गाडी) आली. त्या वेळच्या नियमाने सेफ्टी कार आली की गाड्या एका रांगेत येईपर्यंत पिटलेन बंद राहायची. ज्यांचं पिट व्हायचं होतं ते अडकले, ज्याचं आधीच झालं होतं तो पुढे सरकला. अलोन्सो जिंकला. त्या रात्री कुणालाही स्वप्नात न दिसलेला निकाल! वर्षभराने उघड झालं की पिकेला ती गाडी मुद्दाम ठोकायला लावली होती. त्याच सेफ्टी कारच्या गडबडीत फेरारीच्या मासाला पेट्रोलची नळी टाकीला अडकलेली असतानाच सोडलं, तो गुणांबाहेर फेकला गेला आणि मोसमाअखेर विश्वविजेतेपद एका गुणाने हुकला. धक्का मोठाच होता. मजा किती आली, सांगा.

हा घोटाळा होता, अपवाद होता, असं म्हणाल. मग घोटाळा नसलेलं उदाहरण घ्या. २००५, इंडियानापोलिस. तिथल्या १३ व्या, उंच कडेच्या वळणावर मिशेलिनचा मागचा डावा टायर तग धरत नव्हता. शुक्रवारीच राल्फ शूमाकरची गाडी तिथं भिंतीवर गेली होती. रविवारी फॉर्मेशन लॅप (शर्यतीआधीची हळू फेरी) संपवून मिशेलिन टायरच्या १४ गाड्या सरळ पिटमध्ये शिरल्या. ब्रिजस्टोनच्या सहाच गाड्या धावल्या. जॉर्डनचा माँतेरो तिसरा आणि आपला नारायण कार्तिकेयन चौथा. जॉर्डनची गाडी पोडियमवर येईल असं शनिवारी कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. कार्तिकेयनला मिळालेले ते पाच गुण मलाही प्रिय आहेत, पण ती शर्यत कुणी पुन्हा लावून बघत नाही. स्टँडमधल्या लोकांनी त्या दिवशी ट्रॅकवर बाटल्या फेकल्या.

आपल्याकडं शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, गर्दी लोटते ती कोणती जोडी तेज आहे हे माहीत असूनच लोटते. पटात कुत्रं आडवं आलं आणि हुकमी जोडी बिचकली, तर निकाल अनपेक्षितच लागतो. पण काय पट रंगला म्हणून कुणी गावभर सांगत सुटत नाही.

सेफ्टी कारचं गणित आजही थोडंफार असंच आहे. बऱ्याच ट्रॅकवर एका पिट स्टॉपला साधारण २०-२२ सेकंद जातात. थांबणं दोन-अडीच सेकंदांचंच, बाकीचा वेळ पिटलेनच्या वेगमर्यादेत जातो. सेफ्टी कार बाहेर असली की ट्रॅकवरचे सगळेच हळू चालतात, त्यामुळे तोच स्टॉप जवळपास निम्म्या किमतीत पडतो. म्हणजे दोन लॅप आधी पिट केलेला चांगला ड्रायव्हर कुठलीही चूक न करता मागे पडतो. निकाल फिरतो, पण त्यात कुणाचंच कसब नसतं.

याच्या उलट २०२३ चंच सिंगापूर बघा, जे तुम्ही 'झोपेच्या' मोसमात ढकलून मोकळे झालात. रेड बुलने त्या वर्षी गमावलेली ही एकमेव शर्यत. व्हर्स्टॅपेन पात्रता फेरीत ११ वा आला, तेव्हा दार शनिवारीच उघडलं होतं. रविवारी फेरारीचा साइन्झ पुढे, मागे मॅकलॅरनचा नॉरिस, दोघेही जुन्या हार्ड (टिकाऊ पण संथ) टायरवर. ६२ लॅपची शर्यत. ४४ व्या लॅपला ओकोनची गाडी बंद पडली, व्हर्च्युअल सेफ्टी कार (गाडी न आणता सगळ्यांना वेग कमी करायला लावणारा नियम) लागली आणि मर्सिडीजने रसेल व हॅमिल्टन दोघांनाही आत घेऊन नवे मिडियम (हार्डपेक्षा वेगवान) टायर चढवले. आता ते दोघे लॅपमागून लॅप अंतर खात येऊ लागले. साइन्झने काय केलं? तो पळून गेला नाही. त्या वेळच्या डीआरएसच्या नियमाने पुढची गाडी एका सेकंदाच्या आत असली की मागच्याला सरळ रस्त्यावर पंखाची पट्टी उघडून वेग वाढवता यायचा. साइन्झने नॉरिसला मुद्दाम त्या एका सेकंदात ठेवलं, म्हणजे नॉरिसलाही डीआरएस मिळावा आणि रसेलला त्याला ओलांडता येऊ नये. नॉरिस ही त्याची ढाल. हे जाणूनबुजून चाललंय, असं त्याने रेडिओवरून संघाला कळवलंही. शेवटच्या लॅपला रसेल भिंतीला घासून बाहेर गेला आणि साइन्झ ०.८१२ सेकंदाने जिंकला. निकाल अनपेक्षित होता, पण त्यातली एकही गोष्ट आभाळातून पडली नाही. पडद्यावरचं ते ०.८, ०.९, ०.७ वाचणारा माणूस शेवटची दहा लॅप खुर्चीच्या कडेवर बसला होता.

आणि विजेता ठरलेला असला तरी? त्याच वर्षी ब्राझीलमध्ये व्हर्स्टॅपेन आरामात जिंकला. मागे तिसऱ्या जागेसाठी ॲस्टन मार्टिनचा अलोन्सो आणि रेड बुलचा पेरेझ. ७१ पैकी ७० व्या लॅपला पेरेझ पहिल्या वळणावर पुढे गेला, शेवटच्या लॅपला अलोन्सोने चौथ्या वळणावर जागा परत घेतली आणि ०.०५३ सेकंदाने राखली. तुम्ही तोवर टीव्ही बंद केला असेल तर तो दोष शर्यतीचा नाही.

अनिश्चितता हवी, मलाही हवी. पण ती गाड्या जवळ आणून आणावी लागते. २०२१ पासून संघांच्या खर्चावर मर्यादा आली. २०२२ पासून क्रमवारीत पहिल्या संघाला विंड टनेलच्या (गाडीवरचा वारा तपासायच्या बोगद्याच्या) ठरलेल्या कोट्याच्या ७० टक्केच चाचण्या मिळू लागल्या आणि दहाव्याला ११५ टक्के. याचं फळ २०२४ मध्ये दिसलं. २४ शर्यतींत सात वेगवेगळे विजेते, आणि त्यातला प्रत्येक जण किमान दोनदा जिंकला. नशिबाने एखादा एकदा जिंकतो. सातही जण दोन-दोनदा जिंकतात तेव्हा गाड्या खरोखर जवळ आलेल्या असतात.

उलट्या ग्रिडबद्दल फार लिहीत नाही. फॉर्म्युला वनच्या खालची पायरी असलेल्या फॉर्म्युला टूच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे छोट्या शर्यतीत, पहिले दहा उलटे उभे करतात, पात्रता फेरीत दहावा आलेला सगळ्यात पुढे. नव्या पोरांना गर्दीतून वाट काढता यावी म्हणून ते ठीक आहे. विश्वविजेता त्यावर ठरवायचा म्हणजे वेगवान असण्याची शिक्षा.

राहिलं अबू धाबी. शेवटच्या लॅपला व्हर्स्टॅपेनचे नवे सॉफ्ट (सगळ्यात वेगवान) टायर विरुद्ध हॅमिल्टनचे झिजलेले हार्ड. हॅमिल्टन टिकणं शक्य नव्हतं आणि व्हर्स्टॅपेनने आपलं काम चोख केलं. प्रश्न आधीच्या लॅपचा आहे. सेफ्टी कारच्या मागे चालताना, पूर्ण लॅपने पिछाडीवर पडलेल्या गाड्यांपैकी फक्त पाचच पुढे सोडल्या, ज्या हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपेनच्या मधे होत्या. व्हर्स्टॅपेन आणि तिसऱ्या साइन्झच्या मधल्या तशाच ठेवल्या. साइन्झही शर्यतीतच होता. त्याला पुढच्यावर चढाई करायची वाटच उरली नाही. दोघांसाठी शर्यत सुरू केली आणि तिसऱ्यासाठी बंद, ती कुठल्या नियमाने? याचं उत्तर लिहा, माझ्या राहत्या गावाचा उल्लेख न करता लिहिता आलं तर उत्तमच. मग पुढचं बोलू.