हळदीचं पेव आणि वाईनची बाटली : एका प्रतिक्रियेला उत्तर

घरी रेड वाईन मुरवण्यावरच्या माझ्या लेखात मी वाईन कूलर (बाटल्या ठेवायचा खास फ्रिज) आणि आडवी बाटली यांचा सल्ला दिला होता. त्याखाली हरिपूरच्या, म्हणजे सांगलीजवळच्या पेवांच्या (जमिनीत खणलेल्या हळदीच्या कोठारांच्या) गावच्या एका वाचकांनी लिहिलंय : "सांगलीत बसून ही फ्रेंच सोंगं कशाला? आमच्या पेवात हळद वर्षानुवर्षं टिकली, तिथे वाईन का टिकणार नाही? कूलरवाल्यांची दलाली बंद करा. स्क्रूच्या झाकणाची बाटली आडवी ठेवायला सांगणाऱ्याने आधी वाईन पिऊन बघावी. ग्लास फिरवणं, वास घेणं ही सगळी नाटकं."

आधी भाषेबद्दल. त्या लेखात एकाही कूलर कंपनीचं नाव नाही, पुन्हा वाचून बघा. मग दलाली कोणाची? मतभेद असावेत, पण सरळ माणसाच्या हेतूवर घसरायचं, ही कुठली रीत? माझ्या घरची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात आहे आणि पलूसच्या वाईन पार्कात मी सेलरचं (वाईन मुरवायच्या कोठीचं) काम केलेलं आहे. "आधी पिऊन बघा" हे मला ऐकवायची गरज नव्हती. आणि सोंग कसलं? ज्या जिल्ह्यात घरटी द्राक्षाचा विषय निघतो, तिथल्या माणसाने चांगली वाईन नीट ठेवायला शिकणं हे सोंग वाटत असेल, तर मला त्याचं वाईट वाटतं.

स्क्रूच्या झाकणाचं तुमचं बरोबर आहे. ती बाटली उभी ठेवली तरी चालते. आडवी ठेवायची ती बुचाची, कारण बूच ओलं राहिलं तरच फुगून गच्च बसतं.

आता पेव. हळद पेवात टिकते, कारण ती वाळवून भरलेली असते आणि तोंड लिंपलं की आतला प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो, किडा जगत नाही. थंडाव्याचा त्यात फारसा वाटा नाही. वाईनला किडा लागत नाही, तिला मारते ती उष्णता. जमिनीखाली पुरेसं खोल गेलं की ऋतूंचा चढउतार जवळजवळ थांबतो आणि तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिरावतं. बोर्दोची सरासरी 13-14 अंश, म्हणून तिथलं तळघर काही न करता वाईनला मानवतं. सांगलीची सरासरी 25 च्या आसपास. मे महिन्यात पेव अंगाला गार लागतं ते बाहेर 40 असतात म्हणून. बाटलीला मात्र तिथे बारा महिने 25 अंशच सोसावे लागतात.

"मग लवकर मुरेल, बरंच आहे की," असं कोणी म्हणेल. तसं होत नाही. उष्णतेने सगळ्या क्रिया सारख्या वेगाने वाढत नाहीत. टॅनिन (वाईनला तुरटपणा देणारं द्रव्य) मऊ व्हायच्या आत फळाचा वास उडतो, वाईन टिकवणारा सल्फर डायऑक्साइड झपाट्याने खर्ची पडतो, ग्लास तिरका धरला तर कडेचा रंग विटकरी दिसतो. त्यातून उष्ण हवेतल्या द्राक्षांत आम्लता कमी आणि पीएच जास्त असतो. पीएच चढला की तेवढाच सल्फर कमी पुरतो. म्हणून आपल्याकडच्या रेडला जास्तच जपावं लागतं. अकलूजची फ्रातेल्लीची 'सेत्ते' घ्या, सांजोव्हेजे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांचं मिश्रण. अशी बाटली 13-14 अंशांवर काही वर्षं सुरेख उलगडते. तीच 25 वर ठेवली, तर जांभळा-करवंदाचा वास जाऊन काकवीचा वास उरतो.

आणि पूर? 2005 च्या महापुरात पाणी शिरून हरिपूरच्या पेवांचं काय झालं, हे तुम्हाला मी सांगावं का?

वाड्यातलं कपाट किंवा माळा तर पेवाहून वाईट, कारण तिथे तापमान हलतं. 20 अंशांची बाटली 40 वर गेली की 750 मिली वाईन पाच-साडेपाच मिली फुगते. बुचाखालची मोकळी जागाही साधारण तेवढीच असते. बूच वर सरकतं, मानेवर चिकट ओघळ येतो. रात्री वाईन आकसते आणि त्याच वाटेने हवा आत ओढली जाते. घरातली एखादी बाटली उचलून कॅप्सूलवर (बुचावरच्या वेष्टनावर) अंगठा फिरवा. बूच वर आलेलं हाताला लागलं, तर ती मुरवायचा नाद सोडा आणि या आठवड्यातच उघडा.

कूलरचा खर्च जड आहे, हे मला मान्य आहे. पण घ्यायचाच तर कॉम्प्रेसरचा घ्या. स्वस्तातले पेल्टियरवाले (कॉम्प्रेसरशिवाय, विजेच्या चकतीने गार करणारे) खोलीच्या तापमानापेक्षा फार तर 12-15 अंश खाली जातात. एप्रिलात खोली 36-37 ला गेली की आत 21 च्या खाली काही उतरत नाही आणि पंखा दिवसरात्र फिरत राहतो. मागे हात जाईल एवढी मोकळी जागा, स्टॅबिलायझर आणि 13 वर सेटिंग. पॅनेलवरचा आकडा हवेचा असतो, तेव्हा एका रिकाम्या बाटलीत पाणी भरून त्यात थर्मामीटरचा प्रोब सोडा, वाईनचं खरं तापमान तिथे कळतं. कूलर भरलेला असेल तर दोन-तीन तास वीज गेल्याने काही बिघडत नाही, फक्त दार उघडू नका. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी मुरवू नये, आणून काही महिन्यांत प्यावी. तोवर साध्या फ्रिजचा भाजीचा कप्पा चालतो. वर्षानुवर्षं नको, कोरड्या हवेत बूच सुकतं.

ग्लास फिरवण्याच्या नाटकांबद्दल एवढंच सांगतो : सांगलीच्या 32 अंशांच्या खोलीतली रेड आणि दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवून 17-18 वर आणलेली रेड शेजारी शेजारी ओता, ग्लास एक तृतीयांशच भरा, आणि आधी नाक लावा. पहिल्या ग्लासात अल्कोहोल नाकात झोंबेल. तिखट रस्सा खाऊन मात्र हे करू नका, टॅनिन कडूच लागेल. याउपर वाद घालण्यात मला रस नाही.

पेवावर तुमचा विश्वास असेलच, तर वाईन ठेवण्याआधी कमाल-किमान नोंदवणारा थर्मामीटर दोरीला बांधून आत सोडा, तोंड पुन्हा बंद करा आणि महिन्याने दोरीनेच वर ओढा. कोणालाही आत उतरवू नका, बंद पेवात श्वास कोंडून जीव जातो. आकडा 16 च्या खाली आला तर इथेच लिहा, मी लेखात तशी दुरुस्ती करीन.