विशेष शाळा वाढवताना तपासणी हवीच: फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

गोव्यातल्या पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विशेष शाळेला नवा मजला, नव्या खोल्या, जास्त जागा मिळत असतील तर त्यात सगळ्यांचं भलंच आहे. या विस्ताराचा कोणावर काय परिणाम होईल, समान संधी सगळ्यांना मिळेल का, अशी तपासणी आधी मागणं म्हणजे चांगल्या कामात खोडा घालणं. शाळेतली सगळीच मुलं दिव्यांग, मग त्यांच्यात भेदभाव कसला? लांबच्यांना बस आहे, इमारतीला रॅम्प आहे, सामान्य शाळांवरचा भारही हलका होईल. तपासणीची ही पद्धत परदेशातली आहे, ती नुसती कागदी असते आणि तिच्यात वेळ गेला तर मंजूर निधी परत जाईल.

मी विशेष शिक्षिका आहे. जागा वाढल्याच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. प्रवेशासाठी ताटकळणारे पालक मला रोज भेटतात. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांतही असे पालक आहेत आणि त्यांची घाई मला कळते. पण त्यातला एकेक मुद्दा उचलून पाहिला तर तो याच पालकांच्या मुलांच्या विरोधात जातो.

सगळ्यात जास्त पटणारं वाक्य आधी घेते: ‘सगळीच मुलं दिव्यांग आहेत, मग भेदभाव कोणाशी?’ १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ते २१ झाले. कर्णबधिर मुलाची गरज वेगळी, स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाची वेगळी, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं, असलेल्या मुलाची त्याहून वेगळी. एकाच शाळेत, एकाच प्रवेश-अर्जावर ही मुलं एकमेकांच्या शेजारी उभी राहतात, तेव्हा कोणाला आत घ्यायचं हे ठरवणारा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: ‘स्वतःचं स्वतः शौचाला जातो का?’ हा प्रश्न ऐकल्यावर आईचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं आहे. ती ‘सांगितलं की जातो’ असं काहीतरी अर्धवट उत्तर देते, कारण खरं उत्तर दिलं तर पुढचं वाक्य काय येणार हे तिला ठाऊक असतं. ‘आमच्याकडे सध्या तशी सोय नाही. जागा वाढल्या की बघू.’

आता जागा वाढताहेत. पण त्या कोणासाठी, हे कोणी लिहून ठेवलं आहे का? नव्या खोल्या बांधल्या आणि मदतनीस तेवढेच राहिले तर नव्या जागाही शांत बसणाऱ्या, स्वतः जेवणाऱ्या, स्वतः चालणाऱ्या मुलांनाच मिळतील. ज्याला भरवावं लागतं, ज्याचा डायपर बदलावा लागतो, जो दार उघडं दिसताच रस्त्यावर धावतो, तो पुन्हा घरीच. शाळेचा पट दुप्पट होईल, सगळे टाळ्या वाजवतील आणि ज्या मुलाला शाळेची सगळ्यात जास्त गरज होती त्याच्या आयुष्यात काहीही बदलणार नाही. शिक्षकांचंही तेच. विशेष शिक्षकाची पदविका एकेका प्रकारातली असते. कर्णबधिरांना शिकवायची तयारी केलेली शिक्षिका स्वमग्न मुलांच्या वर्गात उभी केली म्हणजे जागा भरली, शिकवणं झालं नाही.

मुलींचं गणित आणखी वेगळं. कोणत्याही विशेष शाळेचा हजेरीपट घ्या आणि बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुली मोजा. पाळी सुरू झाली की कित्येक आया मुलीला घरी ठेवतात. त्यांना दोष देण्याआधी ती बस पाहा, जिच्यात चालक पुरुष आणि सोबतीला बाई नाही. ते स्वच्छतागृह पाहा, जिथे मोठ्या वयाच्या मुलीला आडवं झोपवून कपडे बदलायला जागाच नाही. नव्या आराखड्यात मुला-मुलींच्या शौचालयांच्या दोन चौकोनांवर अक्षरं लिहिली की लिंगसमानता झाली, असं समजू नका. त्या चौकोनात एक रुंद बाक, एक नळ, एक बंद होणारं दार आणि मदतीला एक बाई मावते का, ते विचारा. शाळा सुटलेली मुलगी घरी राहते तेव्हा तिच्याबरोबर आईही घरी राहते. आईची नोकरी जाते, काजूच्या हंगामातली मजुरी जाते. हा परिणामही मोजायचा आहे.

भाषेबद्दल एवढंच सांगते. सत्तरीच्या वाड्यावर घरी कोंकणी-मराठी, वास्कोच्या मजूर वस्तीत कन्नड किंवा हिंदी. ज्या मुलाला मोजके दहा शब्द बोलता येतात, त्याला वाचा-उपचार त्या दहा शब्दांच्याच भाषेत मिळायला हवेत. परप्रांतीय मजुराच्या मुलाकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसतं, रहिवासी दाखला नसतो, आणि प्रमाणपत्रासाठी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) दोन-तीन खेपा घालायच्या तर बापाचा तेवढ्या दिवसांचा रोज बुडतो. प्रवेशाच्या नियमात हे कागद सक्तीचे ठेवले तर जागा कितीही वाढोत, ही मुलं यादीतच येणार नाहीत.

‘लांबच्यांसाठी बस आहे ना!’ या मुद्द्यावर मला थोडं थांबायचं आहे. पर्वरीची संजय स्कूल, फोंड्याजवळचं ढवळीचं लोकविश्वास प्रतिष्ठान ही नावं गोव्यात सगळ्यांना माहीत आहेत आणि अशा संस्थांनी केलेलं काम मोठं आहे. पण पणजी-पर्वरी-म्हापसा, फोंडा आणि मडगाव हा पट्टा सोडून सांगे, काणकोण, धारबांदोडा, पेडणे इकडे पाहा. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींत स्थान मिळालं; त्यांची मोठी वस्ती याच दक्षिणेकडच्या आणि डोंगराकडच्या तालुक्यांत आहे. शहरातली शाळा मोठी करून ‘सगळ्या गोव्यासाठी’ म्हणणं म्हणजे नकाशावरचं अंतर या कुटुंबांच्या माथी मारणं आहे.

ते अंतर मुलाच्या अंगावर कसं येतं ते सांगते. काणकोण तालुक्यातल्या गावडोंगरी किंवा खोतीगावहून मडगावकडे निघणारं मूल धरा. त्याला फिट येतात, सकाळचं औषध ठरलेल्या वेळी द्यावं लागतं. पोटात काही नसताना औषध दिलं तर त्याला मळमळतं, म्हणून आई त्याला अंधारातच उठवते, कसंबसं भरवते, मग बस. करमल घाटाच्या वळणांवर तो ओकतो. औषधाचा किती भाग पोटात राहिला, हे कोणालाच सांगता येत नाही. पावसाळ्यात हे सगळं छत्री, ओली बॅग आणि चिखलासकट. शाळेत उतरवताना डायपर जड झालेला असतो. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी तो पेंगतो आणि दुपारी परतीची बस लवकर म्हणून त्याची फिजिओथेरपी अर्धी राहते. पटावर मात्र तो हजर. दिवाडीसारख्या बेटावरून येणाऱ्या मुलाला त्यात फेरीबोटीची भर. भरती-ओहोटीप्रमाणे धक्क्याकडचा उतार बदलतो आणि व्हीलचेअर खेचायला रोज कोणीतरी अनोळखी माणूस शोधावा लागतो.

बसबद्दल कायदाही गप्प नाही. २०१६ च्याच कायद्याचं कलम १६ म्हणतं की शिक्षणसंस्थेने दिव्यांग मुलांना वाहतुकीची सोय द्यावी आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्या सोबत्यालाही द्यावी. सोबत्यालाही! आपल्या किती बसमध्ये आईसाठी सीट धरलेली असते? तालुकावार पत्ते, मूल बसमध्ये घालवतं तो वेळ आणि गैरहजेरीचे दिवस शेजारी शेजारी मांडले तर कदाचित असं दिसेल की शहरात दहा खोल्या बांधण्यापेक्षा सहा तिथे आणि चार केपे किंवा काणकोणात बांधलेल्या बऱ्या. असं दिसणारही नाही कदाचित. पण मांडून पाहिल्याशिवाय ते कळायचं कसं?

रॅम्पचा मुद्दा लवकर संपवते. रॅम्प आहे, पण त्याचा उतार किती? बारा फूट लांबीला एक फूट चढ हे प्रमाण पाळलं नाही तर मदतनीस धापा टाकते आणि मूल घाबरतं. वर्ग पहिल्या मजल्यावर असेल तर लिफ्ट हवी, आणि वीज गेल्यावर ती चालावी अशी सोय हवी. त्याच कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना इमारत सहज वापरता यावी यासाठीचे, नियम न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगीच देता येत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी खटल्यातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सुगम्यतेचे किमान नियम सक्तीचे असले पाहिजेत, त्यांना नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाही. यात जी गोष्ट संदेशात अजिबात नाही, ती बांधकामाच्या काळाची. ड्रिलचा आवाज सुरू झाला की कानावर हात दाबून कोपऱ्यात बसणारी मुलं प्रत्येक विशेष शाळेत आहेत. वर्ष-दीड वर्ष त्यांचा वर्ग कुठे भरणार, हे आराखड्याबरोबरच ठरायला हवं.

‘विशेष शाळा मोठी झाली की सामान्य शाळांचा भार कमी होईल.’ मला या वाक्याची सगळ्यात जास्त भीती वाटते. मूल हा भार आहे, हे इथे गृहीतच धरलेलं आहे. कलम ३१ सांगतं की ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळेल, आणि निवड त्या मुलाची. मुख्याध्यापकांची नाही. प्रत्यक्षात काय होतं? विशेष शाळेत जागा झाल्याची बातमी आली की गावच्या शाळेत नीट रुळलेल्या मुलाच्या पालकांना बोलावून सांगितलं जातं, ‘तिकडे आता सोय झाली आहे, तुम्ही तिकडे न्या.’ प्रेमानेच सांगतात, पण सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात सामान्य शाळांसाठीही विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं आणि केंद्र सरकारने ते २०२२ मध्ये ठरवून दिलं: प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे एक, पुढच्या वर्गांत १५ मुलांमागे एक. मुळात असे शिक्षक कमी. विस्तारलेल्या शाळेसाठी ते सामान्य शाळांतून उचलले तर तिथल्या मुलांचा आधार जातो. म्हणून तपासणीत विशेष शाळेच्या कुंपणाबाहेरची मुलंही मोजावी लागतात.

परदेशी पद्धतीबद्दल. हो, ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याच्या कलम १४९ ने सरकारी संस्थांवर हे बंधन घातलं आहे. वय, दिव्यांगत्व, लिंग, वंश, धर्म यांसारख्या बाबी ध्यानात घेऊन निर्णय करायचा. तिथल्या स्थानिक परिषदा विशेष शाळा वाढवताना असा आढावा घेतात. अमुकच फॉर्म भरा, असं तो कायदा म्हणत नाही. तिथली न्यायालयं एवढं मात्र पाहतात की विचार निर्णयाच्या आधी झाला होता की निर्णय झाल्यावर कागद जोडला. आता आपल्याकडे या. १९ एप्रिल २०१७ पासून लागू असलेल्या आपल्या कायद्याचं कलम ३ समानता आणि भेदभावबंदीचं आहे, कलम ४ दिव्यांग स्त्रिया आणि मुलांना इतरांच्या बरोबरीने हक्क मिळतील हे पाहायला सरकारला सांगतं. आणि कलम १७ म्हणतं, दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण करा, दिव्यांग मुलं ओळखा, त्यांच्या गरजा कोणत्या आणि त्या कितपत भागतात ते पाहा. संदेश ज्याला परदेशी म्हणतो, ते करायला आपल्याच संसदेने सांगितलेलं आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे ३३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, तेव्हा प्रकार आठच होते. त्या आकड्यावर आज शाळा बेतता येणार नाही.

राहिला निधी परत जाण्याचा धाक. तपासण्या कधी कधी नुसत्या कागदी होतात, चौकटीत ‘परिणाम नाही’ लिहून सही होते, हे संदेशाचं म्हणणं खरं आहे. त्यावर उपाय तपासणी नीट करणं हा आहे. लागणारी बरीचशी माहिती शाळेच्या कचेरीतच पडून असते: प्रवेशअर्ज, नाकारलेले अर्ज आणि त्यांची कारणं, हजेरीपट, बसचे मार्ग. ती एकत्र करायला आणि पालकांच्या दोन बैठका घ्यायला वर्ष लागत नाही. कागदावर दाराची रुंदी वाढवायला काहीच खर्च येत नाही. फरश्या बसल्यावर तेच दार फोडायचं म्हणजे पुन्हा निविदा, पुन्हा मंजुरी.

तुमच्या भागातल्या शाळेच्या विस्ताराची बैठक असेल तर जा. नाकारलेल्या अर्जांची यादी मागा, मुलांची नावं झाकून. बारा वर्षांवरच्या मुली किती, तेही विचारा. सगळ्यात लांबच्या मुलाची बस किती वाजता निघते, नव्या जागांबरोबर किती मदतनीस मंजूर झाले आणि बांधकाम चालू असताना वर्ग कुठे भरणार, याची उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. शक्य असेल तर ज्यांच्या मुलाला प्रवेश मिळालेला नाही अशा एका कुटुंबाला सोबत घेऊन जा, कारण शाळेच्या पालकसभेची नोटीस त्यांना कधीच जात नाही.