काका, ब्रेक सोडू नका!

काल रात्रीपासून सोसायटीच्या ग्रुपवर माझा एक फोटो फिरतोय. त्यात कमरेखालचा मीच आहे. डोकं चाकाच्या खोबणीत होतं. खाली सूचना : 'पार्किंगचा वापर गॅरेज म्हणून करू नये.' २७ अंगठे पडलेत. त्यातला पहिला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. त्यावर ग्रुपवर बोलायची सोय नाही, म्हणून इथे.

काम किरकोळ होतं. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी डिस्क दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणारे तुकडे, बदलायचे. पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते. नव्या पॅडचा मसाला (घासणारा थर) १० मिमीच्या आसपास असतो. तो झिजत ३ मिमीवर आला की ही जीभ डिस्कला घासून चीं करते. म्हणजे गाडी बिघडलेली नसते, ती फक्त सांगत असते. काकांचा उपाय : "डिस्कवर थोडं खोबरेल सोडा, आवाज जाईल." जाईल की. पाठोपाठ ब्रेकही जाईल.

मसाला संपतो कशाने, तर आमच्या गल्लीतल्या गतिरोधकांनी. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद, अंगावरून घरंगळत जावं असा हवा. आमच्याकडे डांबर उरलं की ते आडवं ओततात. त्यावर पट्टे नाहीत, पुढे पाटी नाही. चारशे मीटरमध्ये असे पाच. घरपट्टी मात्र पट्टे मारल्यासारखी ठळक येते.

असो. चाकाचे नट गाडी जमिनीवर टेकलेली असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, नाहीतर नटाबरोबर चाकच फिरतं. हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना विटा लावायच्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. स्टँड लावायचा आणि काढलेलं चाकही गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचं. एवढं झालं आणि काका अवतरले.

"शू बदलताय?"

"पॅड, काका. शू मागच्या ड्रम ब्रेकमध्ये."

"तेच ते. आमच्या पद्मिनी गाडीला चारही चाकांना ड्रमच होते. कधी ओरडली नाही."

"थांबायची का?"

"थांबायची की. दोन चौक आधीपासून दाबायला घ्यायचो."

कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा. त्याचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला तरी भागतं. मी दोन्ही काढले, कारण कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना साफ करायच्या होत्या. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधायचा. आतलं पॅड पार पत्र्याला टेकलेलं, बाहेरचं अर्धं शिल्लक. हा पिन जाम झाल्याचा पुरावा. मागच्या सर्व्हिसच्या बिलात 'ब्रेक क्लीनिंग' म्हणून पैसे लागलेत. पिनांवर ग्रीसचा टिपूस नव्हता. साफ केलं काय? बहुधा माझं पाकीट.

नवं पॅड जाड, म्हणून पॅडला रेटणारा कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलावा लागतो. जुनं पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने सावकाश. तेव्हा बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल चढतं, म्हणून आधीच सिरिंजने थोडं काढून ठेवायचं. बॉनेटवर सांडलं तर रंग खातं. पिस्टन आत गेला. मी पिना पुसायला घेतल्या. आणि माझ्या मागे गाडीचं दार उघडलं.

"बघू, दाबून लागतोय का."

पॅड जागेवर नसताना ब्रेक दाबायचा नसतो. पिस्टनला अडवायला समोर काहीच नसतं. पॅडल मऊ लागलं, म्हणून काकांनी आणखी जोरात, पुन्हा पुन्हा दाबलं. पिस्टन बाहेर उडाला आणि त्यामागून ब्रेक ऑइल थेट माझ्या बनियनवर. काका आतून : "आता चांगला लागतोय!"

सील फाटलं नव्हतं, तेवढं नशीब. पिस्टन पुसून, ताज्या ब्रेक ऑइलचं बोट फिरवून, सरळ धरून परत बसवला. पिनांना ब्रेकचं ग्रीस लावलं (साधं ग्रीस रबर फुगवतं), डिस्क पुसली, जीभवालं पॅड आतल्या बाजूला घातलं. पण ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरलेली. ती काढायला दोन माणसं लागतात : एकाने पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने कॅलिपरवरचं निपल, म्हणजे छोटी तोटी, पाव फेरा उघडून हवा सोडायची आणि बंद करायचं, मगच पहिल्याने पाय उचलायचा. निपल उघडं असताना पाय उचलला तर हवा उलटी आत. पार्किंगमध्ये दुसरा माणूस एकच होता.

"दाबा."

"दाबलं. सोडू?"

"नको! मी सांगेन तेव्हा."

"पाय खाली गेला हो."

"जाणारच. धरून ठेवा."

"मुंग्या आल्यात. सोडतोच."

निपलपासून बाटलीत सोडलेल्या नळीत बुडबुडे उलटे धावताना दिसले. असं नऊ वेळा झालं. दहाव्यांदा मी डोकं आत खुपसून निपल आवळत होतो, तेव्हा मागे मोबाइलचा क्लिक आवाज आला.

दुसरी बाजू करायलाच हवी होती. पॅड जोडीनेच बदलतात. काका तोवर चहाला गेले होते, त्यामुळे ती बाजू चाळीस मिनिटांत झाली. मग पॅडल घट्ट लागेपर्यंत जागेवरच दाबायचं, डबीतली पातळी बघायची आणि रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहावर असे आठ-दहा हलके ब्रेक मारायचे. नवं पॅड त्यातच डिस्कवर बसतं.

रात्री फोटो मोठा करून पाहिला. माझ्या पायांच्या वरती, गाडीच्या उघड्या दाराखाली, निळ्या पट्ट्यांच्या दोन चपला आहेत. काकांनी गाडीत बसताना काढून ठेवलेल्या, जोडीने, नीट भिंतीला समांतर.